पाचवं अढळ

वसाहतीत तिला सगळे अढळकाकू म्हणायचे. ते तिचं नावही नव्हतं आणि आडनावही. तिचा नवरा ज्या युद्धजहाजाच्या बॉयलरवर कामाला होता, त्या जहाजाचं नाव अढळ. ते बुडालं तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि पोटात पोर होतं. त्या दिवसापासून जहाजाचं नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. दूधवाल्यापासून दवाखान्यातल्या नर्सपर्यंत कोणालाही विचारा, अढळकाकूंचं घर बरोबर दाखवतील. तिचं स्वतःचं नाव विचारलंत तर डोकं खाजवत बसतील.

अशा बायका सुरुवातीला पुष्कळ होत्या. नौदलाने त्यांना एका रांगेतली घरं दिली आणि ज्यांना हवं त्यांना काम दिलं. हिला झेंडेखात्यात लावलं. लांबच लांब टेबलं, त्यांवर कापडाचे तागे. तळव्याला चामड्याची पट्टी बांधून जाड सुईने झेंड्याच्या कडेत दोरी शिवायची. त्या टेबलापाशीच तिचे केस पांढरे झाले. दर वर्षी अपघाताच्या दिवशी सगळ्याजणींनी स्मारकापुढे उभं राहायचं, फुलं ठेवायची. एक वरिष्ठ अधिकारी यायचा आणि दर वर्षी तेच वाक्य म्हणायचा, "अढळचे वीर क्षणार्धात सागराच्या स्वाधीन झाले." शेजारी राहणारी अढळवरच्याच तोफवाल्याची बायको तोंडाची फटकळ. ती हिच्या कानात पुटपुटायची, "नाव ठेवलं अढळ आणि गेलं बुडून. आता तळाशी मात्र हलायचं नाव नाही बघ." मग दोघी खाली मान घालून हसू दाबायच्या आणि लोकांना वाटायचं, बिचाऱ्या रडतायत.

तो "क्षणार्धात" शब्द मात्र काकूंनी जिवापाड जपला होता. मुलगी लहानपणी विचारायची, "बाबांना दुखलं का गं?" तेव्हा त्या म्हणायच्या, "छे! डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं संपलं. त्यांना कळलंसुद्धा नाही." मुलगी झोपून जायची. त्याही झोपायच्या.

मधे एकदा दार किलकिलं झालं होतं. झेंडेखात्यात कापड बेतणारा एकजण होता, कात्रीसारखाच सरळ आणि मोजकं बोलणारा. मुलगी चारेक वर्षांची असताना त्याने विचारलं, "आपण दोघं संसार करायचा का?" काकूंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण वसाहतीच्या भिंतींना कान होते. दोन दिवसांत खातेप्रमुखांची बायको घरी आली. चहा घेतला, मुलीच्या गालाला हात लावला आणि उठता उठता गोड आवाजात म्हणाली, "लोक तुमच्याकडे किती आदराने बघतात! आणि हे घरही अढळच्या बायकांसाठीच आहे ना." एवढंच. बेतणाऱ्याने दुसऱ्या बंदराला बदली मागून घेतली. काकूंनी दोरी शिवायला घेतली आणि शिवतच राहिल्या. जो माणूस एका क्षणात गेला, त्याच्यासाठी आपण जन्मभर थांबायचं, असा तो हिशेब होता आणि तो कोणी मांडला हे विचारायची सोय नव्हती.

एकेक करून त्या रांगेतल्या बायका गेल्या. तोफवाल्याची बायकोही गेली. उरल्या एकट्या अढळकाकू. आणि त्याच सुमारास गोदीत नवं जहाज तयार झालं. त्याचं नाव अढळच ठेवायचं ठरलं. या नावाचं ते पाचवं.

नामकरणाचा मान काकूंना द्यायचा, असं वरून ठरून आलं. सांगायला आलेला अधिकारी खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता.

"मला नको," काकू म्हणाल्या.

"काकू, मोठा मान आहे."

"म्हणूनच म्हटलं, नको. मान खूप झाला. मान दुखायला लागली आता."

अधिकारी बावचळला. तेवढ्यात मुलगी आतून आली. ती आता पन्नाशीला टेकलेली, शाळेत शिकवायची. तिच्या घरात बाबांचा गणवेशातला फोटो दर्शनी भिंतीवर होता आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाला तिचे बाबा अढळवर होते हे पाठ होतं. "येईल ती," मुलीने परस्पर सांगून टाकलं.

तो गेल्यावर ती आईला म्हणाली, "तुला काय धाड भरलीय? बाबांचं जहाज पुन्हा पाण्यात उतरतंय."

"तुझ्या बाबांचं जहाज तळाशी आहे. हे दुसरं. नाव एक असलं म्हणून माणूस एक होत नाही आणि जहाजही नाही."

"एक दिवस, आई. माझ्यासाठी. मी तुझ्याकडे काही मागते का कधी?"

मुलीने मागितलं की काकूंचं काही चालत नसे. त्या गेल्या.

समारंभाच्या आदल्या सकाळी रंगीत तालीम होती. कुठे उभं राहायचं, कोणती दोरी ओढायची, काय बोलायचं, सगळं दाखवलं. जहाजाचा कप्तान वयाने मुलीपेक्षाही लहान, हसरा, पण बोलण्याआधी शब्द तोलणारा. त्याने दोघींना जहाज दाखवलं. मधल्या बोळात भिंतीवर एक चकचकीत फलक होता. त्यावर आधीच्या चारही अढळांची चित्रं आणि माहिती. पहिलं लाकडी, शिडांचं, शत्रूच्या आगीत जळालेलं. दुसरं लोखंडी पत्र्याने मढवलेलं. ते उभ्या आयुष्यात बंदराबाहेर पडलं नाही आणि भंगारात गेलं. फलकावर मात्र "बंदराचे अभेद्य रक्षण केले" असं होतं. तिसरं युद्धात लढून, भोकं पडून, तरी घरी परतलेलं. आणि चौथं. "धुक्यात मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन उलटले व क्षणार्धात बुडाले."

मुलीने त्या ओळीवरून बोट फिरवलं. काकूंनी फलकाकडे पाठ केली आणि कप्तानाला विचारलं, "इंजिन कुठे असतं यात?"

"खाली. पण जिने उभे आहेत, काकू."

"मी बघणार. आमचे हे कसल्या जागेत काम करायचे ते तरी बघू द्या."

मुलीला उंच जिन्यांची भीती वाटायची, ती वरच थांबली. कप्तान पुढे, काकू मागे, अशी दोघं उतरली. इंजिनाच्या अलीकडे पंपांची खोली होती. खोली कसली, कपाटच. दोन पंप, भिंतभर नळ्या आणि दोन माणसांपुरती जागा. दोघं आत गेली, आणि मागचं जाड पोलादी दार आपोआप सरकत येऊन धप्पकन बसलं. पाठोपाठ दिवे गेले. पंख्याची घरघर थांबली. छताजवळचा एक लहानसा तांबडा दिवा तेवढा लागला.

"घाबरू नका," कप्तान म्हणाला. "वर विजेची चाचणी चालू आहे. वीज गेली की ही पाणी अडवायची दारं आपोआप बंद होतात. आत्ता उघडेल."

त्याने हाताने फिरवायचं चाक धरलं. ते थोडं फिरलं आणि अडकलं. खांदा लावला, पाय लावला. दार ढिम्म. समोरच्या, इंजिनाकडच्या दाराचंही तेच. फोन उचलला, तर त्याची तारच अजून जोडलेली नव्हती.

"अढळच आहे की हो," काकू म्हणाल्या.

कप्तान हसला, पण त्याच्या कपाळावर घाम होता. हवा जड होत चालली. नळ्यांना ताज्या रंगाचा वास येत होता, तो नाकातून घशात उतरला. काकूंनी एका पंपावर बूड टेकलं आणि डोळे मिटले. तर डोळ्यांपुढे नवरा आला. फोटोतला नाही, बनियन घातलेला, तोंडाला काजळी लागलेला. त्यांनी घाईघाईने डोळे उघडले.

मग दाराच्या पलीकडून आवाज आला. ठक. ठक. ठक.

कप्तान उडालाच. भिंतीवरच्या पाण्याच्या पाइपाचं पितळी तोंड त्याने ओढून काढलं आणि दारावर जोरात ठोकलं. ठक, ठक, ठक. पलीकडून पुन्हा आवाज आला. त्याने पुन्हा उत्तर दिलं. त्याचा श्वास फुलला होता.

"कळलं ना त्यांना आपण आत आहोत ते," काकू म्हणाल्या. "आता कशाला ठोकत बसता?"

"उत्तर द्यायचंच, काकू. बाहेर असलो तरी, आत असलो तरी. ते थांबेपर्यंत आपण थांबायचं नाही. आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात हे."

"असं का?"

कप्तानाने नजर खाली वळवली. त्या तांबड्या उजेडात काकूंना त्याचं तोंड दिसत होतं. शाळेतून काहीतरी फोडून आलेल्या मुलाचं असतं तसं.

"असं का शिकवतात?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"नियम आहे तो."

"नियम आकाशातून पडत नाही, साहेब. कुणाचं तरी काहीतरी झाल्यावर नियम होतो. कुणाचं झालं?"

"काकू, आपण बाहेर पडल्यावर..."

"आपण दोघंच आहोत इथे. मला पळता येत नाही आणि तुम्हालाही नाही. बोला."

कप्तानाने समोरच्या पंपावर बसून ते पितळी तोंड मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "अढळ लगेच बुडालं नव्हतं."

काकू त्याच्याकडे वळल्या.

"उलटं झालं, पण आत हवा अडकली होती, म्हणून तरंगत राहिलं. तळ वर. किनाऱ्यावरून दिसणार नाही इतकं लांब. दुसरं जहाज मदतीला पोचलं, माणसं त्या तळावर उतरली. आम्हाला पाणबुड्याचं काम शिकवणारे मास्तर त्यांच्यातले एक. तळाच्या पत्र्याखालून ठोकल्याचा आवाज येत होता. बॉयलरच्या बाजूने."

"मग कापायचा ना पत्रा."

"कापला असता तर हवा निघून गेली असती आणि जहाज तिथल्या तिथे गेलं असतं. दुसरा उपाय करायला जी यंत्रं लागतात ती आणायला माणसं गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्रं आली, पण त्याआधीच..." तो थांबला.

"दुसऱ्या दिवशी दुपारी," काकू म्हणाल्या.

"हो."

"तोवर ठोकत होते?"

"हो."

"आणि वरच्यांनी?"

पलीकडून पुन्हा ठक ठक झालं. कप्तानाने उत्तर दिलं आणि मग खाली बघत म्हणाला, "वरच्यांना हुकूम होता, उलट ठोकायचं नाही. उगाच आशा लागेल म्हणून. कोणीच ठोकलं नाही. मास्तर हे सांगताना दर वेळी वर्गाकडे पाठ करायचे."

इतकी वर्षं काकूंनी मनातल्या मनात नवऱ्याला फार लवकर मारलं होतं. पापणी लवायच्या आत. आणि तो तिकडे अंधारात पत्रा वाजवत होता, कान लावून बसला होता, पुन्हा वाजवत होता. त्या रात्री त्या घरी काय करत होत्या? त्यांना आठवलं. बाळासाठी कपडा शिवत होत्या. पोटभर जेवल्या होत्या. त्यांनी नळी घट्ट धरली.

"मला का नाही सांगितलं कोणी?"

"मलाही काल बजावलंय, हा विषय तुमच्यापुढे काढायचा नाही. तुम्हाला त्रास होईल म्हणून."

"माझ्या त्रासाची काळजी! आशा नको म्हणून त्यांना उत्तर नाही, त्रास नको म्हणून मला उत्तर नाही. सगळ्यांची किती ती काळजी!"

तेवढ्यात पलीकडचे ठोके बदलले. आधीचे नेमके, सारख्या अंतराचे होते. हे भरभर, वेडेवाकडे, रडकुंडीला आल्यासारखे. काकूंनी कप्तानाच्या हातातून पितळी तोंड हिसकावून घेतलं आणि दोन्ही हातांनी दारावर हाणलं. हाणतच राहिल्या. खांदे भरून आले, चष्मा घसरून खाली पडला, तरी थांबल्या नाहीत. कप्तानाने त्यांना अडवलं नाही.

दार उघडलं तेव्हा बाहेर खलाशी पोरांची गर्दी होती, कोणी पहार धरलेली, कोणाचे हात सोललेले. आणि सगळ्यांच्या पुढे, ते उभे जिने उतरून आलेली, केस विस्कटलेली मुलगी, हातात भलामोठा पाना. तिने आईला मिठी मारली आणि पहिलं वाक्य काय म्हणाली, तर "खाली जायची काय गरज होती तुला?"

संध्याकाळी घरी दोघी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. मुलीच्या कपातला चहा बशीत सांडत होता. काकू तिच्याकडे बघत होत्या. गप्प बसणं सोपं होतं. मुलीच्या भिंतीवरचा बाबांचा फोटो तसाच राहिला असता, शाळेतली गोष्टही तशीच राहिली असती. 'तिला कशाला त्रास?' हे वाक्य त्यांच्या मनात आलं आणि आल्याबरोबर त्यांना ओळखू आलं, हे वाक्य कुणाचं आहे ते. त्यांनी चहाची बशी बाजूला सारली आणि सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत.

मुलगी आधी म्हणाली, "खोटं आहे." मग म्हणाली, "त्याला काय कळतंय, तो तेव्हा जन्मला तरी होता का?" मग उठून मोरीत गेली आणि नळ सोडून किती तरी वेळ तोंड धूत राहिली. बाहेर आली ती संतापलेलीच.

"मला कशाला सांगितलंस? मी सुखात होते."

"मीही होते."

"उद्या जायचं नाही. त्यांच्या जहाजाला त्यांनीच नाव द्यावं. माझ्या बाबांना उत्तर दिलं नाही त्यांनी!"

"मी जाणार आहे," काकू म्हणाल्या.

"आई! कालपर्यंत तूच नको म्हणत होतीस."

"कालपर्यंत मला बोलायला काही नव्हतं."

समारंभाला मांडव भरून माणसं होती. खलाशी पोरं पांढऱ्याशुभ्र रांगांत उभी, आणि समोर खुर्च्यांवर त्यांच्या आया, बायका, कडेवरची मुलं. मुलगी आली होती. अगदी शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसली होती. काकूंना दोरीपाशी नेलं, पुढे माइक धरला. वाक्य ठरलेलं होतं. काकूंनी घसा साफ केला.

"मी चौथ्या अढळवरच्या बॉयलरवाल्याची बायको," त्या म्हणाल्या. "आम्हाला सांगितलं होतं, आमची माणसं क्षणार्धात गेली. तसं नव्हतं. ती दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत होती. आतून ठोकत होती. वर माणसं उभी होती, पण उत्तर द्यायचं नाही असा त्यांना हुकूम होता. हे मला काल कळलं. तुमची पोरं या जहाजावर चाललीत, म्हणून तुम्हालाही कळायला हवं."

मंचावरचा वरिष्ठ अधिकारी अर्धवट उठला, पण माइक काकूंच्या हातात होता आणि सगळ्यांदेखत एका म्हाताऱ्या बाईच्या हातातून तो ओढायचा कसा, हे कुठल्याच नियमात नव्हतं. काकूंनी रांगेतल्या पोरांकडे पाहिलं. सोललेले हात त्यांना लगेच ओळखू आले.

"काल मी या जहाजात अडकले होते. ही पोरं एक घटका थांबली नाहीत. म्हणून नाव देते. या जहाजाचं नाव अढळ." आणि त्यांनी दोरी ओढली.

टाळ्या वाजल्या नाहीत. बायकांच्या खुर्च्यांतून कोणीतरी हुंदका दिला. मग बँडवाल्यांना कोणीतरी खूण केली आणि बँड वाजायला लागला.

पुढे काय झालं म्हणाल, तर फार काही झालं नाही. फलकावरची ओळ तशीच राहिली. कप्तानाला बोलावून बराच वेळ खोलीत बसवलं आणि नंतर त्या जहाजावरून काढून किनाऱ्यावरच्या कचेरीत टाकलं. तो एकदा भेटायला आला तेव्हा काकूंनी माफी मागितली. तो म्हणाला, "कचेरीला खिडकी आहे, काकू. चालतंय." जुन्या बायकांच्या मुलासुनांपैकी काहीजण येऊन भांडून गेले: आमच्या आईच्या माघारी हे कशाला उकरलंत? तोफवाल्याचा मुलगा मात्र आला, तासभर बसला, आणि जाताना काकूंच्या पायांपाशी वाकून तसाच निघून गेला.

मुलगी तीन आठवडे आली नाही. फोनही नाही. मग एका रविवारी दुपारी आली. चपला काढल्या, आईच्या बाजूला जमिनीवरच बसली. काकू भाजी निवडत होत्या. मुलीने त्यातल्या थोड्या काड्या पुढे ओढल्या आणि निवडायला लागली.

"आई," ती जरा वेळाने म्हणाली, "बाबा घोरायचे का गं?"

काकूंचा हात थांबला. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. फोटोतली माणसं घोरत नाहीत.

"घोरायचे? अगं, भिंती हलायच्या. मी एकदा उशी घेऊन बाहेर जाऊन झोपले, तर शेजारी म्हणाले, आम्हालाही घ्या तिकडे."

मुलगी हसली. "आणखी?"

"आणखी पत्त्यांत लबाडी करायचे. आणि पकडले की रुसायचे. पालीला असे घाबरायचे की विचारू नकोस, एवढा धिप्पाड माणूस, पलंगावर चढून बसायचा. आणि आवाज असा बेसूर..."

काकू सांगत राहिल्या. दुपार कलली, भाजी तशीच पुढ्यात पडून राहिली.